बुलोसानच्या गल्लीत जाण्याआधी

अगं,

तुझा मेसेज दोनदा वाचला. पहिल्यांदा जाम आनंद झाला, की सिएटलला नोकरी करणारी आपली एक पोर शनिवार-रविवार कॉस्टकोत न घालवता चायनाटाउनमधली शाळेतली मुलं आणि म्हातारी माणसं गोळा करून कार्लोस बुलोसानवर, त्या फिलिपिनो मजूर-लेखकावर, प्रोजेक्ट करायला निघालीय. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्यापाशी थबकले. "मावशी, शेवटी आपणपण इमिग्रंटच ना, त्यामुळे मला तो लगेच कळला."

नाही कळला. रागावू नकोस, मलाही असंच वाटलं होतं आणि मी तोंडावर आपटले, तेच सांगायला बसलेय.

तो १९३० साली बोटीने आला, विशीच्या आतला पोरगा, याच सिएटलच्या बंदरात उतरला. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्याच ताब्यात, म्हणून यायला व्हिसा लागला नाही, पण नागरिक म्हणूनही कोणी मोजलं नाही. त्याच वर्षी जानेवारीत तिकडे कॅलिफोर्नियात वॉटसनविलला गोऱ्यांच्या टोळ्या फिलिपिनो मजुरांना शोधून शोधून मारत होत्या. तिथे गोऱ्या बाईशी लग्न करायलाही बंदी. १९३४ मध्ये कायदा करून येणाऱ्यांचा आकडा आणला वर्षाला फक्त ५० वर. आणि तू आलीस रिलोकेशन पॅकेजवर, मी आले नवऱ्याच्या मागे, दोन बॅगा लोणच्याच्या आणि पापडाच्या. आपली ग्रीन कार्डची रांग आहे, मान्य, तीही जीव काढते, पण ती रांग वेगळी आणि ही वेगळी. मुलांसमोर "आम्हीपण तसेच" असं म्हणू नकोस, समोरची आजी मनातल्या मनात हसेल.

आता माझी फजिती. बरीच वर्षं झाली, आम्ही असंच एक काम केलं होतं, छोटी ग्रँट होती, हौस दांडगी. अलास्काच्या कॅनरीत उन्हाळे काढलेले एक आजोबा बोलायला तयार झाले. त्या पिढीला फिलिपिनो लोकांत मनाँग म्हणतात, म्हणजे आपलं दादा म्हणतो तसं, आणि दर उन्हाळ्याला अलास्काला मासे डबाबंद करायला जाणारे ते अलास्केरो. मी वीस प्रश्न छापून नेलेले. पहिलाच प्रश्न, "तुम्हाला अमेरिकेत आल्यावर कसं वाटलं?" ते म्हणाले, "थंडी वाटली." आणि गप्प. मी आपली पान उलटतेय, घसा खाकरतेय. शेवटी काहीच सुचेना म्हणून विचारलं की माशाला नक्की काय करायचे हो तुम्ही. त्यांनी टेबलावरचा नॅपकिन आडवा धरला, तो झाला सॅमन, आणि दाखवायला लागले, मशीन डोकं नि पर उडवायचं, मग हा यायचा यांच्या पुढ्यात, सुरीच्या चमच्यासारख्या टोकाने मणक्याला चिकटलेलं काळं रक्त खरवडायचं, पाण्याखाली, बोटं बधिर, की पुढचा. त्यांचा अंगठा कसा वळत होता ते मला अजून दिसतं. घरी येऊन व्हिडिओ बघितला तर पूर्ण पाऊण तास फक्त चेहरा! हात फ्रेमच्या खाली. परत बोलवायचं म्हणता म्हणता राहिलं, आणि मग ते राहिले नाहीत.

(आणि हो, मंडळातल्या लोकांना एकदा सांग, सॅमन म्हणजे रावस नव्हे.)

म्हणून तुझी भिंतीवरच्या म्युरलची आयडिया मला पटत नाहीये. बुलोसानचा मोठा चेहरा, मागे सूर्य, खाली नाव. मेनर्ड अ‍ॅव्हेन्यूवरच्या ईस्टर्न हॉटेलात त्याच्या नावाचं छोटं प्रदर्शन आणि म्युरल आधीच आहे, जाऊन बघ. १९११ ची बिल्डिंग, अलास्केरो इथे उतरायचे. आता तिथे कमी भाड्यात लोक राहतात, त्यामुळे कॅमेरा घेऊन जिन्यात घुसायचं नाही, आधी विचारायचं, खिडक्यांचे फोटो नाहीत, सकाळी नऊच्या आत आरडाओरडा नाही. चेहरा काढणं सोपं असतं गं, त्यापेक्षा मुलांना त्या रस्त्यावरच्या माणसांच्या हातांमागे लाव. डॅनी वू गार्डनमध्ये म्हातारी माणसं उतारावरच्या वाफ्यांत भाजी लावतात, तिथे एक सकाळ नुसतं बसून हात काढायचे, पेन्सिलने, चुकले तरी चालतील.

पुस्तकाचं पण जरा सांभाळून. १९४६ चं त्याचं ते 'अमेरिका इज इन द हार्ट' हे आत्मचरित्रासारखं पुस्तक तू बायोग्राफी धरून टाइमलाइन बनवायला घेतलीस, पण त्यात त्याने स्वतःच्या जोडीला इतर कितीतरी मजुरांच्या गोष्टी ओवल्यात. जन्मसालसुद्धा कुठे १९११, कुठे १९१३. मुलांना हे सरळ सांगून टाक, त्यांना आवडतं, एका माणसाच्या "मी"मध्ये दहा जण बसलेत ही गंमत त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळते.

टाइमलाइनऐवजी एक कर. मार्च १९४३ मध्ये सॅटर्डे इव्हनिंग पोस्टमध्ये नॉर्मन रॉकवेलचं ते प्रसिद्ध चित्र छापून आलं, भरलेलं टेबल, आजी आणून ठेवतेय ती टर्की, हसरं कुटुंब. त्या चित्राबरोबरचा निबंध कोणी लिहिला होता? बुलोसानने. शेतात राबणाऱ्याने, उपाशी राहिलेल्याने, टीबीने दोन वर्षं लॉस एंजेलिसच्या सरकारी हॉस्पिटलात काढलेल्याने. हे चित्र प्रिंट काढून मुलांपुढे ठेव आणि म्हण, आता या टेबलावरच्या एकेका पदार्थामागचा माणूस काढा. फळं कोणी तोडली, सेलरी कोणी कापली. बस, तुझं निम्मं वर्कशॉप झालं.

आपल्याकडे लाल बावटा कलापथक होतं, अण्णाभाऊ, अमर शेख, गव्हाणकर, १९४४ चं. बघायला या म्हणून ते कामगारांना बोलवत बसले नाहीत, डफ घेऊन स्वतःच वस्तीत आणि गिरणीच्या दारात जायचे. तुझं प्रदर्शन कम्युनिटी सेंटरच्या एसी हॉलमध्ये का गं? तिथे मंडळाचे लोक येतील, तुझे ऑफिसवाले येतील, ईस्टर्न हॉटेलातला माणूस येईल का? फुटपाथवर लाव, पाऊस आला तर प्लास्टिक टाकू.

आणि ग्रँटमधून बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना पैसे द्यायचे. चहा-सामोसा देऊन भागवायचं नाही. आर्टिस्टला देतेस ना, मग?

त्याच्या शेवटाबद्दल विचारलंयस. १९५२ मध्ये इथल्या कॅनरी युनियनचं वार्षिक त्याने संपादित केलं, पुढाऱ्यांवर हद्दपारीच्या केसेस चालू असताना. १९५६ मध्ये इथेच गेला, कंगाल. क्वीन ॲन टेकडीवरच्या दफनभूमीत पुरला, थडग्यावर दगड बसला थेट १९८४ ला. मुलांना तिथे ने, पण सगळ्यात शेवटी, आधी नाही, आधी नेलंस तर सगळी गंभीर चेहरे करून बसतील आणि पुढे कोणी काही काढणार नाही.

शनिवारी अकराला हिंग हे पार्कात, त्या चिनी मंडपाखाली भेटू (नाव वाचून मला दरवेळी हिंगाची डबी आठवते, काय करू). वीस प्रश्नांचा कागद घरी ठेव. ट्रायपॉड आण, पण बुटका, टेबलाच्या उंचीचा.

मावशी