मला कॉफी आवडते, मग मध्ये 'एल' कशाला?

प्रश्न : सहा महिने झाले स्पॅनिश शिकतेय पण एल (पुल्लिंगी) आणि ला (स्त्रीलिंगी) ही इंग्लिश 'द'सारखी आर्टिकल कधी लावायची तेच कळत नाही. 'मे गुस्ता काफे' लिहिलं तर टीचरनी लाल रेघ मारली, 'किएरो काफे' मात्र बरोबर. आणि आग्वा (पाणी) स्त्रीलिंगी असताना 'एल आग्वा' का म्हणतात? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी इंग्लिश बाजूला ठेवा, सगळा घोळ तिथूनच होतो. 'आय लाइक कॉफी'मध्ये आर्टिकल नाही म्हणून तुम्ही इथेही गाळलंत. त्यापेक्षा मराठीतून बघा, 'मे गुस्ता' म्हणजे अगदी आपलं 'मला आवडते', म्हणजे आवडणारी कॉफी हीच वाक्याचा कर्ता झाली, आणि तीही एक कप नाही तर कॉफी हा प्रकारच, म्हणून 'मे गुस्ता एल काफे'. 'किएरो काफे'मध्ये थोडीशीच हवीये, मग आर्टिकल नको. तसंच 'सोय मेदिका', मी डॉक्टर आहे, इथे 'उना' (एक) लावायचं नाही, पण चांगली डॉक्टर म्हटलं की लगेच 'उना बुएना मेदिका'. आणि हात धुते म्हणताना आपण तरी कुठे 'माझे' म्हणतो? तेही म्हणत नाहीत, 'मे लावो लास मानोस', फक्त लास (ला चं अनेकवचन) तेवढं हवंच (मानोच्या शेवटी ओ असला तरी तो शब्द स्त्रीलिंगी आहे, वहीत 'ला मानो' असाच लिहा, नुसतं 'मानो' नको).

आता आग्वा. हा प्रश्न मला फार आवडला. लॅटिनमधल्या 'इल्ला'चं (म्हणजे 'ती') जुन्या स्पॅनिशमध्ये 'एला' झालं, पुढे बहुतेक ठिकाणी त्याचं 'ला' झालं, पण पुढचा शब्द आघात असलेल्या 'आ'ने सुरू होत असेल तर 'एल' उरलं. म्हणजे हे एल मुळात बाईच आहे! म्हणून पाणी गार असेल तर 'एल आग्वा फ्रिया', फ्रियो नाही, आणि अनेकवचनात सरळ 'लास आग्वास'. मध्ये दुसरा शब्द आला तरी ला परत येतं, 'ला मिस्मा आग्वा', तेच पाणी. वाळूला मात्र 'ला आरेना'च, कारण तिथे जोर 'रे'वर आहे. भूक म्हणजे 'आम्ब्रे', लिहिताना आधी एच असतो पण उच्चारत नाहीत, म्हणून तिलाही एल लागतं, आणि खूप भूक लागली की 'तेंगो मुचा आम्ब्रे' म्हणायचं. इथे 'मुचो' म्हणणारे खुद्द स्पॅनिश लोकही भेटतील, तुम्ही मुचाच म्हणा.