२२ नंबरच्या ड्राय फ्लायला पंख कशाचे?

प्रश्न : हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउटसाठी २२ नंबरच्या इवल्याशा हुकावर ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी नकली माशी) बांधतो. सीडीसीचे (बदकाच्या पिसाचे) पंख तरंगवणारं जेल लावूनही पाण्यात बसतात, स्वेटरच्या लोकरीचे बुडतात. काय वापरू?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : सीडीसी सोडू नका, जेल सोडा! बदकाच्या तेलग्रंथीभोवतीचं हे पीस बारीक तंतूंत हवा धरून तरंगतं. जेलनं तेच तंतू एकमेकांना चिकटतात. भिजलेली फ्लाय रुमालानं टिपून ओल शोषणाऱ्या सिलिका पावडरीत हलवा. २२ नंबरला एक-दोन पिसं भरपूर झाली.

स्वेटरची लोकर बहुधा ॲक्रिलिक, म्हणजे पाण्याहून जड. तुम्हाला हवं पॉलिप्रॉपिलीनचं सूत. त्याची घनता ०.९ च्या आसपास, म्हणजे पाण्याहून हलकं. तुमच्या वडोदऱ्याच्या मांडवी बाजारातून सूत आणलंत तर आधी वाटीभर पाण्यात साबणाचा थेंब टाकून तुकडा बोटांनी दाबून भिजवा. सोडल्यावर वर आला तरच कामाचा. लड उकलून साधारण पाव भागच घ्या.

बांधलेला पंख हुकाच्या दांड्याभोवती फिरत असेल, तर तो बहुतेकदा उघड्या धातूवर बांधल्यामुळे. आधी दोऱ्याचा एक थर द्या, मग आठच्या आकड्यासारखे तीन वेढे. हुकाच्या डोळ्यामागे डोळ्याएवढी जागा मोकळी ठेवा, नाहीतर शेवटची गाठ डोळाच बुजवते.