ऑक्टोबरमध्ये ग्रँड कॅन्यन हेलिकॉप्टरमधून बघायचंय, लास व्हेगसहून जावं की साउथ रिमहून (दरीच्या दक्षिण काठावरून)?

दरीच्या तळाशी उतरायचं असेल तर व्हेगसहून वेस्ट रिमला जा. ती हुआलापाई या मूळ अमेरिकी जमातीची जमीन आहे, तिथे हेलिकॉप्टर खाली उतरतं. साउथ रिम राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथे तशी परवानगी नाही.

पण शरद ऋतूसाठीच जात असाल तर माझं मत टुसायानचं. साउथ रिमजवळच्या या गावातून निघणारी, नॉर्थ रिमपर्यंत जाणारी लांबची फेरीच घ्या. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नॉर्थ रिमच्या कैबाब पठारावरचे अ‍ॅस्पेन वृक्ष सोनेरी होतात. गर्द हिरव्या सूचिपर्णी रानात ते पिवळे पट्टे वरून काय दिसतात!

सकाळची वेळ घ्या, वारा कमी असतो. कपडे गडद घाला, नाहीतर काचेतल्या प्रतिबिंबाने फोटो बिघडतात. जागा वजनानुसार ठरते, खिडकीचा हट्ट चालत नाही.