जुलैत आई-बाबांना घेऊन टाउन्सव्हिल ते केर्न्स कॅरॅव्हॅनने चार दिवसांत होईल का?

होईल की. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरचं हे अंतर जेमतेम ३५० किलोमीटर आहे. सकाळी टाउन्सव्हिलहून निघालात तर दुपारच्या चहाला केर्न्सला पोचाल. पण मग कॅरॅव्हॅनचं, म्हणजे चाकांवरच्या घराचं, एवढं धूड गाडीमागे ओढत न्यायचंच कशाला? बाबांना पक्षी आणि बागा बघायच्यात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगतो, आठ-नऊ दिवस काढा. सुट्टी मिळत नसेल तर एक-दोन मुक्काम गाळा, पण रोज कॅरॅव्हॅन जोडा-सोडायचा उद्योग करू नका. या रस्त्यावरचं खरं बघण्यासारखं मधल्या छोट्या गावांत आहे, आणि त्यातलं निम्मं सकाळी सातच्या आधी असतं.

मी ब्रिस्बेनला राहतो, मूळचा सांगलीकडचा. हा पट्टा दोनदा केलाय, त्यात एकदा आई आणि सासूबाईंसकट.

आधी गाडीचं बोलू. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणसं बसवायला इथे कायद्याने बंदी आहे. त्यामुळे 'बाबा मागे जरा आडवे होतील' वगैरे डोक्यात असेल तर काढून टाका. त्यांना वाटेत पाठ टेकायची गरज पडत असेल तर दर तासाला थांबा, जागा भरपूर आहेत. जुलै निवडलात ते उत्तम. नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा, त्यात हा रस्ता, म्हणजे ब्रूस हायवे, पाण्याखाली जातो. फेब्रुवारी २०२५ च्या पुरात तर टाउन्सव्हिल आणि इंगमच्या मधला ओलेरा खाडीवरचा पूलच खचला होता.

कॅरॅव्हॅन उलटी घेण्याचा सराव मात्र एखाद्या रिकाम्या मैदानात तासभर तरी कराच. मागचा भाग डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. आमच्या गावाकडे ट्रॅक्टरला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्यात शिरणारी पोरं हे एका हाताने करतात. मी वाटेतल्या कार्डवेलला पहिल्याच संध्याकाळी पाण्याच्या नळाचा खांब वाकवला. शेजारच्या जागेवरचे सत्तरीचे एक गृहस्थ स्लिपर फटकावत आले, माझ्याकडे बघून 'थांब' अशी खूण केली आणि फक्त बोटांच्या इशाऱ्यावर पाच मिनिटांत गाडी जागेवर लावून दिली. नळाचे पैसे मी भरले. आईने त्यांना डबाभर चिवडा दिला, तो त्यांनी दुसऱ्या दिवशी नाश्त्याला दुधात घालून खाल्ला. आम्ही काही बोललो नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा: कॅरॅव्हॅनची वीजजोडणी १५ अँपिअरची असते, कोणाच्या घरी मुक्काम केलात तर तिथल्या साध्या १० अँपिअरच्या सॉकेटात तो प्लग जाणार नाही.

टाउन्सव्हिलला दोन रात्री ठेवा. पामेटम ही नुसती ताड-माडांची बाग आहे, आणि नारळ, सुपारी बघत मोठे झालेल्या माणसालासुद्धा तिथे गोंधळायला होतं इतके प्रकार आहेत. शहराला लागूनच टाउन कॉमन नावाची मोठी पाणथळ जागा आहे, तिथे भल्या पहाटे जा.

पुढचा मुक्काम इंगम, टाउन्सव्हिलपासून ११० किलोमीटरवर. बहुतेक लोक इथे फक्त पेट्रोल भरतात. तुम्ही दोन रात्री राहा. गावाच्या कडेला हायवेला खेटून टायटो वेटलँड्स आहे. टायटो हे घुबडांच्या एका गटाचं शास्त्रीय नाव, आपलं गव्हाणी घुबड त्यातलंच. इथे त्याचं चुलत भावंड, गवती घुबड, राहतं, त्यावरून हे नाव. आम्हाला ते दिसलं नाही. दिसलं ते असं: तळ्याच्या काठी धुकं, त्यात दहा-बारा वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, चरतायत, आणि कमळाच्या पानांवरून लाल तुरा असलेला एक कमळपक्षी आपली लांबच लांब बोटं एकेक उचलून ठेवत चाललाय. पान बुडायच्या आत दुसऱ्या पानावर. सासूबाई म्हणाल्या, "लग्नात नव्या नवरीला चालवतात तसा चाललाय." आठनंतर ऊन चढलं की हे सगळं मिटतं, उरतात फक्त बदकं.

इंगम हे उसाचं गाव आहे. इटलीहून आलेल्या लोकांनी इथली शेती उभी केली. गाळप जूनच्या सुमारास सुरू होतं, म्हणजे तुम्ही ऐन हंगामात येताय. गाडीतून उतरल्या उतरल्या आईने नाक वर केलं आणि विचारलं, "कारखाना चालू आहे वाटतं?" वास तोच, मळीचा. फरक वाहतुकीत आहे. इथे ऊस ट्रॉलीतून जात नाही, दोन फुटी रुळांवरच्या छोट्या आगगाडीतून जातो आणि ते रूळ रस्ता ओलांडतात. सगळ्या फाटकांवर दिवे नसतात. मागे कॅरॅव्हॅन असताना ब्रेक लागायला वेळ लागतो, हे तिथे विसरू नका.

वॉलमन धबधबा बघायचा असेल तर कॅरॅव्हॅन इंगमलाच ठेवून नुसती गाडी घेऊन जा. पाणी एका उडीत २६८ मीटर खाली पडतं, आणि वरचा घाट कॅरॅव्हॅनसाठी नाही.

कार्डवेलला हायवे अगदी समुद्राला लागून जातो आणि समोर हिंचिनब्रुक बेट उभं असतं. किनारा सुंदर, पण पाण्यात उतरू नका. खाऱ्या पाण्यातल्या मगरी या सगळ्या पट्ट्यात आहेत, खाड्यांत, नद्यांत, किनाऱ्यावरही. पाट्यांवर इंग्रजीबरोबर जर्मनमध्येही 'सावधान' लिहिलेलं असतं. संध्याकाळी बारीक माश्या चावतात, डासांपेक्षा वाईट. बाबांना फुल पँट घालायला लावा. डोक्यावर मात्र बघत राहा: पांढऱ्या डोक्याची, विटकरी अंगाची घार दिसली तर ती आपलीच ब्राह्मणी घार, जी रत्नागिरी-मालवणला मासळी उतरते तिथे घिरट्या घालते.

मिशन बीचला एक रात्र. रस्त्यात कॅसोवरी आला तर थांबा, गाडीतून उतरू नका, खायला देऊ नका. माणसाएवढा उंच पक्षी आहे आणि पायाच्या आतल्या बोटाला सुरीसारखं नख असतं.

मग मेना क्रीकचं पॅरोनेला पार्क. होझे पॅरोनेला हा स्पेनच्या कॅटलोनियातला माणूस १९१३ मध्ये इथे आला, ऊसतोड केली, पैसा साठवला आणि १९२९ मध्ये धबधब्याशेजारची जमीन घेतली. तिथे स्वतःच्या डोक्यातला वाडा बांधला, जिने, कारंजी, नाचाचा हॉल, हजारो झाडं. धबधब्यावर स्वतःची वीज १९३३ मध्येच काढली होती, आणि १९३५ मध्ये लोकांना बाग खुली केली. आता काँक्रीटवर शेवाळ चढलंय, कठडे ढासळलेत, आणि मला ते तसंच आवडलं. ऊसतोड कामगाराने बांधलेला वाडा म्हटल्यावर आई बराच वेळ त्या जिन्यावर बसून होती. तिकीट महाग वाटेल, तरी काढा आणि रात्रीची फेरीही करा.

केर्न्सची बोटॅनिक गार्डन एज हिलला आहे, प्रवेश फुकट. शेजारच्या सेंटेनरी लेक्समध्ये एक तळं गोड्या पाण्याचं, एक खाऱ्या, त्यामुळे पक्षीही दोन तऱ्हेचे. एस्प्लनेडच्या, म्हणजे शहराच्या समुद्रकाठच्या, चिखलावर मात्र जुलैत फार आशा ठेवू नका, स्थलांतर करणारे पाणपक्षी तेव्हा सैबेरियाकडे अंडी घालायला गेलेले असतात.

जुलैच्या पूर्वार्धात इथल्या शाळांना सुट्टी असते आणि दक्षिणेकडचे निवृत्त लोक थंडी टाळायला इकडेच येऊन बसतात. तेव्हा विजेची सोय असलेल्या जागा आत्ताच धरा. परत टाउन्सव्हिललाच गाडी द्यायची असेल तर येताना वरच्या पठारावरून या, मरीबा, मिला मिला करत पामरस्टन हायवेने इनिसफेलला उतरा. गिलीजच्या घाटाने कॅरॅव्हॅन नेऊ नका, त्याला २६३ वळणं आहेत. आम्ही नुसत्या गाडीने गेलो होतो, तरी सासूबाईंनी साठाव्या वळणाला मोजणं सोडून डोळे मिटून घेतले.