रात्री गाड्या पेटवणारा मुलगा मनोरुग्ण समजायचा की गुन्हेगार?

तुम्ही लिहिलंय की मानेवाड्याकडच्या तुमच्या वस्तीत तिसऱ्यांदा रात्री उभ्या दुचाक्या पेटल्या आणि कॅमेऱ्यात गल्लीतलाच सतरा वर्षांचा मुलगा दिसला. अर्धी वस्ती म्हणते त्याला पागलखान्यात टाका, उरलेली म्हणते हा पुढे खून करणार. मी नागपुरात समुपदेशक आहे. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांसोबत काम करते, म्हणून उत्तर देते आहे. मला दोन्ही मतं घाईची वाटतात.

आधी रोगाचं बघू. पायरोमॅनिया नावाचं निदान आहे, पण त्याच्या अटी फार कडक आहेत. माणसाने एकापेक्षा जास्त वेळा जाणूनबुजून आग लावलेली असावी लागते. आग लावण्याआधी मनात ताण चढत जातो, लावल्यावर मोकळं वाटतं, आणि आगीची विलक्षण ओढ असते. यामागे राग, सूड, पैसा, पुरावा नष्ट करणं, राजकारण किंवा भ्रम यांपैकी काही निघालं, तर हे निदान बसत नाही. फिनलंडमध्ये वारंवार आगी लावणाऱ्या ९० पुरुष गुन्हेगारांची कागदपत्रं तपासली गेली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या अटी पूर्ण करणारे फक्त तीन निघाले. दारूच्या नशेत आगी लावणारे मात्र त्या नोंदींत पुष्कळ होते.

नुसती आगीची ओढ हा काही आजार नव्हे. पोळ्यानंतर मिरवणुकीने नेलेला मारबतीचा पुतळा जळताना बघायला आपण लेकरांना खांद्यावर घेऊन जातो, होळीपाशी तास न् तास उभे राहतो. मुद्दाम लावलेली प्रत्येक आग विकृतीतून येते असंही नाही. विदर्भाच्या जंगलात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि त्यातून वणवे लागतात. नुकसान मोठं होतं, पण त्यामागे पोट असतं.

मग वस्तीतल्या गाड्या कोण पेटवतं? इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञ थेरेसा गॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रौढांच्या बाबतीत पाच वाटा मांडल्या. कुणासाठी आग हा एरवीच्या गुन्हेगारीचाच भाग असतो, कुणी मनात धरलेल्या रागाचा सूड उगवतो, कुणाला आगीचंच आकर्षण, कुणाला आपल्याकडे लक्ष वेधायचं असतं किंवा असह्य झालेलं दुःख दाखवायचं असतं, आणि काहींत हे सगळं मिसळलेलं असतं. माझ्यासमोर बसलेल्या मुलांत मला सगळ्यात जास्त दिसतो तो हा सूड. पार्किंगवरून चारचौघांत खाल्लेली थप्पड, मुलीचा नकार, बापाचा रोजचा अपमान. समोरासमोर भांडायची हिंमत नाही आणि बोलायला शब्दही नाहीत. आगीला ताकद लागत नाही, समोर उभं राहावं लागत नाही, आणि परिणाम अख्ख्या मोहल्ल्याला दिसतो. एक मुलगा मला म्हणाला होता, “बोलून कोण आयकते मॅडम? गाडी जळली तं सारे उठले न.” मला त्या वाक्याची भीती वाटते, कारण आग कामी येते हे त्याला कळलेलं होतं. दुसऱ्यांदा काडी ओढायला तेवढं पुरतं.

म्हणून ‘हा कसला माणूस आहे’ यापेक्षा ‘आगीने याला काय मिळवून दिलं’ हे विचारणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. त्या दिवशी सकाळपासून काय काय घडलं? ठरावीक माणसाचीच गाडी निवडली की हाताला लागेल ती? पेटवून पळाला की गर्दीत उभं राहून बघत होता? सोबत कोण होतं, प्यायलेला होता का? या प्रश्नांतून उपचाराची दिशा ठरते. राग हाताळणं, अपमान झाल्यावर दुसरं काय करता येतं ते शिकवणं, आणि आग किती झपाट्याने हाताबाहेर जाते ते नीट समजावणं, यावर काम होतं. अशा मुलांसोबतच्या कामाने आगी लावणं कमी होतं, असं परदेशातल्या अभ्यासांत दिसलं आहे.

‘पुढे खुनी होणार’ ही समजूत आली कुठून? जॉन मॅक्डोनाल्ड या मनोविकारतज्ज्ञाने १९६३ साली खुनाची धमकी देणाऱ्या सुमारे शंभर रुग्णांवर लिहिताना अंथरूण ओलं करणं, प्राण्यांचा छळ आणि आगी लावणं या तीन गोष्टींची सांगड घातली. पुढच्या संशोधनात ती भविष्यवाणी म्हणून टिकली नाही. ही लक्षणं घरात मारहाण आणि हेळसांड सोसलेल्या मुलांत बरीच दिसतात, आणि त्यांतली बहुतेक मुलं पुढे कुणाचा जीव घेत नाहीत.

पण कारण समजलं म्हणजे गुन्हा माफ झाला, असं मी अजिबात म्हणत नाही. गाडीच्या वर कुणाची खिडकी असते, आत माणसं झोपलेली असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ खाली आग लावून मालमत्तेचं नुकसान केल्यास सात वर्षांपर्यंत, आणि राहतं घर जाळण्याच्या हेतूने लावल्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. मनोरुग्ण असल्याचा कागद दाखवून सुटका होत नाही. कृत्याचं स्वरूप किंवा ते चूक आहे हेच मनाच्या आजारामुळे कळत नव्हतं, हे सिद्ध करावं लागतं. रात्र निवडणाऱ्या आणि तोंड झाकणाऱ्या मुलाबाबत ते अवघड असतं. तो अठराच्या आत असल्यामुळे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल आणि त्याच्या घरची परिस्थितीही तिथे तपासली जाईल.

चित्रण पोलिसांना द्या, वस्तीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. अशा मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे, आणि जमावाने त्याला मारलं तर प्रकरण भलतीकडे जाईल. त्याच्या आईवडिलांशी बोलायला गल्लीतलं एखादं वडीलधारं, शांत माणूस पाठवा. मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात त्याला दाखवता येईल. तिथे जायला घरचे तयार नसतील तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांना द्या. तो फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.