नंबर आमचा, फोन भलत्याचाच

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : माझं कृषी सेवा केंद्र आहे. चार-पाच दिवसांपासून अनोळखी शेतकऱ्यांचे फोन येताहेत. ‘बियाण्याच्या बुकिंगचे पैसे घेतले न् आता ओळख देत नाही काय?’ म्हणून शिव्या देतात. मी त्यांना फोन केलेलाच नाही. माझा फोन हॅक झाला का? नंबर बदलून टाकू का?
— एक दुकानदार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : नंबर बदलू नका. फोन हॅक झाल्याची शक्यताही कमी आहे.

फोन लावला की दोन नंबर पुढे जातात. ज्याला लावला त्याचा नंबर बरोबर असावाच लागतो, नाहीतर फोन पोचत नाही. लावणाऱ्याचा नंबर मात्र नुसती सोबत धाडलेली माहिती असते. इंटरनेटवरून फोन लावणाऱ्या काही यंत्रणांमध्ये त्या जागी हवा तो आकडा भरता येतो आणि समोरच्या स्क्रीनवर तोच उमटतो. त्यासाठी तुमचं सिमही लागत नाही. उलट फोन लावला की तो खऱ्या मालकाकडे येतो. शिव्या तुमच्या वाट्याला येतात त्या यामुळेच.

परदेशातून भारतीय नंबर दाखवून येणारे असे फोन अडवण्याची यंत्रणा दूरसंचार विभागाने २२ ऑक्टोबर २०२४ला सुरू केली. भामट्यांनी मग दुसरी वाट धरली : व्हॉट्सॲपवर दुकानाचा फोटो आणि नाव लावायचं. तिथे नंबर वेगळाच असतो, पण नाव पाहून माणूस फसतो. म्हणून चिडलेल्या शेतकऱ्याला आधी हेच विचारा : फोन साधा होता की व्हॉट्सॲपचा? त्याच्याकडून स्क्रीनशॉट मागवा, तारीख-वेळ लिहून घ्या. व्हॉट्सॲपचा असेल, तर स्क्रीनशॉटमधला नंबर तुमच्या नंबरशी एकेक आकडा जुळवून पाहा.

मग स्वतःकडचं तपासा. कॉल सेटिंगमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ (आलेला फोन दुसऱ्या नंबरकडे वळवण्याची सोय) उघडा. ‘नेहमी फॉरवर्ड’ या ओळीत कोणाचाही नंबर नसावा. ‘नेटवर्क नसताना’ या ओळीत कधीकधी कंपनीचा स्वतःचा मिस्ड कॉल सेवेचा नंबर असतो, त्याने घाबरू नका. शंका असेल तर ##००२# लावा, बहुतेक कंपन्यांवर सगळं फॉरवर्डिंग बंद होतं. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ पाहा, अनोळखी उपकरण दिसलं तर काढून टाका. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. त्यात न घेतलेलं सिम दिसलं तर तिथेच कळवा.

सगळ्यात कामाचा कागद म्हणजे कंपनीकडचा तपशीलवार कॉल हिशेब. प्रीपेडवाल्यालाही तो जास्तीत जास्त ५० रुपयांत, मागच्या ६ महिन्यांपर्यंतचा मागता येतो. फोनमधली यादी कोणीही पुसू शकतो, म्हणून तिच्यावर पोलीस ठाण्यात विश्वास बसत नाही. कंपनीच्या हिशेबात त्या शेतकऱ्याच्या नंबरवर त्या वेळी तुमचा फोन गेलेलाच नाही, हे दिसतं. तो हिशेब आणि स्क्रीनशॉट जोडून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दूरसंचार अधिनियम, २०२३च्या कलम ४२ प्रमाणे दूरसंचार ओळखीत फेरफार करणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्याला फसवा फोन आला त्याने संचार साथीवरच्या ‘चक्षू’ या तक्रार सोयीत नोंद करावी, आणि पैसे गेले असतील तर थेट सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर.

नंबर का बदलायचा नाही? तो तुमच्या बिलांवर आहे, यूपीआयला जोडलेला आहे, जीएसटीचा ओटीपी त्यावर येतो. सोडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. मग जुनी गिऱ्हाइकं परक्या माणसाला फोन लावतील, आणि भामट्याला आडकाठी काहीच नाही.

दुकानाच्या दारावर आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर ठळक लिहा : ‘बियाण्याच्या बुकिंगचे पैसे आम्ही फोनवर घेत नाही. शंका आल्यास फोन ठेवा आणि बिलावरच्या नंबरवर स्वतः लावा.’ हा उलट फोनच खरी परीक्षा आहे. बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत सरकार ठरवतं (२०२५च्या खरिपात बीजी-२ या बीटी बियाण्याचं ४७५ ग्रॅमचं पाकीट ९०१ रुपये). तीही त्या पाटीवर लिहा, म्हणजे ‘जादा पैसे भरा, माल राखून ठेवतो’ हे ऐकताच शेतकरी सावध होईल. ट्रूकॉलरवर तुमचा नंबर ‘स्पॅम’ दिसू लागला असेल तर तिथे दुकानाचं नाव नोंदवून खूण काढण्याची विनंती करा. हे राहिलं तर खरे फोनही लोक उचलत नाहीत आणि ऐन हंगामात धंदा बसतो.

प्रश्न : स्क्रीनवर आमच्या बँक शाखेचाच नंबर होता, म्हणून ओटीपी सांगितला. चालू खात्यातून संत्र्याच्या व्यवहाराची रक्कम गेली. आता काय?
— एक संत्रा व्यापारी, वरुड, जि. अमरावती

उत्तर : शाखेत जाण्याआधी १९३० लावा. पैसा काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्यात सरकतो. तक्रार लवकर पोचली तर तो पुढच्या खात्यात रोखता येतो. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक) हाताशी ठेवा. त्यानंतर बँकेला लेखी कळवा, पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून एक तासही दवडू नका. कळवल्याची वेळ पोचपावतीवर लिहून घ्या, पुढचा वाद त्या वेळेवरूनच होतो.

प्रश्न : गूगल मॅपवर आमच्या बचत गटाच्या खानावळीपुढे दुसऱ्याच कोणाचा नंबर दिसतो. पर्यटक त्याला आगाऊ पैसे देऊन येतात आणि आमच्याशी भांडतात.
— बचत गटाच्या सदस्या, चिखलदरा

उत्तर : इथे नंबर चोरलेला नाही, नोंद बदलली आहे. मॅपवरच्या नोंदीत कोणीही बदल सुचवू शकतो आणि जिचा मालक नोंदलेला नाही तिच्यात असा बदल सहज खपतो. खानावळीच्या नावावर जाऊन ‘या व्यवसायाची मालकी सांगा’ हा पर्याय निवडा आणि पडताळणी पूर्ण करा. खानावळीचा फलक आणि आतली जागा दाखवणारा व्हिडिओ मागितला जाऊ शकतो. नेटवर्क बरं असेल तिथून तो पाठवा. तोवर ‘बदल सुचवा’मधून खरा नंबर टाका आणि खोट्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. मालकी मिळाल्यावर आठवड्यातून एकदा, आणि पावसाळ्याची गर्दी सुरू झाली की रोज सकाळी, नंबर उघडून पाहायचं काम गटातल्या एकीकडे कायमचं द्या.