वाइड लेन्स: कॅमेरा आडवा की उभा?

वाइड लेन्स, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणारी लेन्स, लावली की कॅमेरा आपसूक आडवाच धरला जातो. तू मात्र आधी पायाशी बघ. तिथे ओला खडक, भेगाळलेली माती असं काही असेल तर कॅमेरा उभा कर आणि गुडघ्यावर बस. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (३६×२४ मिमी सेन्सरचा) १६ मिमी फोकल लेंग्थच्या लेन्समध्ये फोटोच्या लांब बाजूने सुमारे ९७ अंशांचं दृश्य मावतं, आखूड बाजूने ७४. उभ्या फ्रेममध्ये ते ९७ अंश वर-खाली मिळतात, म्हणून हातभर अंतरावरच्या खडकापासून थेट ढगांपर्यंत सगळं एका फोटोत येतं. फक्त कॅमेरा खाली झुकवू नकोस, कडेची झाडं वरून फाकलेली दिसतात. मला ते फार खटकतं. माणसांचा घोळका असेल तर आडवाच बरा, पण कडेला कुणाला उभं करू नकोस. चेहरे ताणले जातात.